जडवस्तू

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता, चिपळूणमधील एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या मागच्या खोलीत एक दिवा लागतो. लाकडी फळीवर ठोकलेला होल्डर, शेजारी एक सॉकेट आणि होल्डरमध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी मंडळी या जोडणीला 'सिरीज बोर्ड' म्हणतात. वीस-पंचवीस वर्षे अंधारात पडून राहिलेले यंत्र एकदम विजेला जोडायचे नसते. वीज आधी या बल्बातून जाऊ द्यायची आणि मग यंत्रात. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून बटण बंद करायचे. क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जाण्यास हरकत नाही. त्या क्षणी खोलीतले बोलणे थांबते. चहाचा कप हातात तसाच राहतो. सात-आठ माणसे एका पिवळ्या बल्बाकडे टक लावून पाहत आहेत, हे दृश्य बाहेरच्या माणसाला नक्कीच चमत्कारिक वाटेल.

या सात-आठ जणांत आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. जुने संगणक गोळा करून ते चालते ठेवणाऱ्या मंडळात साहित्याच्या माणसांचे काय काम, हा प्रश्न आम्हाला स्टाफरूममध्ये इतक्या वेळा विचारला गेला आहे की आता आम्ही तो ऐकून घेतो आणि चहा मागवतो. सुरुवातीला आमच्याकडे त्याचे खरेच उत्तर नव्हते. आमच्या शाळकरी वयात संगणक ही चपला बाहेर काढून, एकामागे एक रांगेने जाऊन पाहण्याची वस्तू होती. १९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढली आणि तीतून देशातल्या काही निवडक शाळांत ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे 'बीबीसी मायक्रो' आले. आमच्यापैकी एकाच्या शाळेत तसे एक यंत्र होते; ते बहुतेक वेळ कापडी आवरणाखाली झाकलेले असे. पुढे २०१८ साली शेजारच्या तालुक्यातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तसेच एक यंत्र आमच्या हवाली केले, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या कळांना मनसोक्त हात लागला. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आजच्या पद्धतीने, म्हणजे युनिकोडमध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट मोजले, तर हा लेखसुद्धा त्यात मावायचा नाही. त्या मुख्याध्यापकांनी यंत्र दिले, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर धूर सोडून फुटला. (हा त्या यंत्राचा जगप्रसिद्ध आजार आहे, हे आम्हाला नंतर कळले.) वास जाईना, म्हणून बाजारपेठेतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांना बोलावले. त्यांना सगळे काका म्हणतात. काका आले, यंत्र उघडले, आणि गेलेच नाहीत. मंडळ स्थापन झाले ते असे.

मंडळाला नाव नाही. तीन नावे सुचवली गेली, तिन्हींवर भांडण झाले. वर्गणी दरमहा दोनशे रुपये, ती तीन माणसे नियमाने देतात. सभासदांत काका आहेत, टायपिंग क्लासचे मालक आहेत, एका बंद पडलेल्या छापखान्याचे मालक आहेत, एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत ज्यांना डॉसच्या आज्ञा अजून मुखोद्गत आहेत, आणि महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी आहे. तो पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि एसटीने कुंभार्ली घाट उतरून येतो. दरडी कोसळून घाट बंद झाला की आमचे सॉफ्टवेअर बंद.

परदेशातील अशा मंडळांविषयी वाचले की आपण फार मोठ्या परंपरेचे पाईक आहोत असे वाटू लागते. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'ची पहिली सभा भरली. स्टीव्ह वॉझ्नियॅक तेथे होते, आणि पुढचा 'ॲपल' त्या वातावरणातून आला. तो क्लब १९८६ पर्यंत चालला. पण ती माणसे उद्याच्या यंत्रासाठी जमत होती. कालच्या यंत्रासाठी जमणाऱ्यांचा उत्साह वेगळ्या जातीचा असतो, आणि त्याला कुणी भांडवल पुरवत नाही.

खरी अडचण यंत्रांची कधीच नव्हती. यंत्रे मागावी लागत नाहीत. माळे साफ करताना लोक स्वतःहून आणून टाकतात. मंडळ चालवणे म्हणजे माणसे टिकवणे, आणि माणसे भांडतात. आमचे कायमचे भांडण एकच आहे. काकांच्या मते यंत्र चालले पाहिजे, मग आत काय घातले याला महत्त्व नाही. छापखान्यावाल्यांच्या मते मूळ भाग बदलला की ते यंत्र उरत नाही, नुसते खोके उरते. पुण्याच्या मुलाने एकदा जुना फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच्या जागी पेन ड्राइव्हवर चालणारी नवी बनावटीची पेटी बसवली, तर छापखान्यावाले दोन महिने आले नाहीत. आम्हाला हा वाद ऐकताना मौज वाटते, कारण तो आमच्या घरचाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हापासून मराठीचा अभ्यास करणारा प्रत्येक जण मूळ पाठ कोणता आणि क्षेपक कोणते, याच प्रश्नाशी झुंजत आला आहे. आम्ही मध्यस्थी करतो: काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून, तारीख लिहून, त्याच यंत्राच्या पोटाशी ठेवायचा. दोन्ही पक्ष नाराज आहेत, म्हणजे तोडगा बरा असावा.

पहिली काही वर्षे आम्ही महाविद्यालयाच्या भांडारगृहात जमत असू. तेथून का निघालो त्याची कथा प्रशासकीय आहे, ती थोडक्यात सांगतो. सरकारी आणि निमसरकारी संस्थांत टिकाऊ वस्तूंची नोंद ज्या वहीत होते तिला 'जडवस्तू संग्रह नोंदवही' म्हणतात. वस्तू एकतर त्या वहीत असली पाहिजे, किंवा तिचे रीतसर निर्लेखन होऊन ती बाहेर गेली पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. निर्लेखित यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यायची, हेही कानावर आले. नियम योग्यच आहे. त्या पेट्यांत शिसे आहे, कॅडमियम आहे. पण आमची यंत्रे वहीत कधी चढलीच नव्हती, म्हणून ती निर्लेखितही होऊ शकत नव्हती. कार्यालयाने आम्हाला सौजन्याने विचारले, "सर, या वस्तू नेमक्या आहेत की नाहीत?" प्रश्नाची तात्त्विक खोली आम्हाला मान्य होती. दोन रविवारांत टेम्पो करून सगळे टायपिंग क्लासमध्ये हलवले. तेथे टंकयंत्रांची लाकडी टेबले रिकामीच पडली होती.

या मंडळात आमचे काम काय, याचे उत्तर मात्र त्याआधीच मिळाले होते.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात शिरले. २००५ च्या जुलैतही पूर आला होता, पण या वेळच्या पाण्याने बाजारपेठेत पहिले मजले गाठले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ साली स्थापन झालेले. तेथील ग्रंथही त्या पाण्यात सापडले. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलात बुडालेल्या गाद्या, कपाटे, वह्या आणि संगणक यांचे ढीग लागले. त्याच आठवड्यात आमच्या गुरुजींच्या पत्नींचा फोन आला. सर २०१६ सालीच गेले होते. बी.ए.ला आम्हाला लोकसाहित्य त्यांनी शिकवले. नव्वदच्या दशकात ते सुटीच्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाच्या गावांत जाऊन बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत. पुढे उतारवयात संगणक शिकून त्यांनी त्या टाइप केल्या आणि गावागणिक एकेका फ्लॉपीवर ठेवल्या. वह्या त्यांनी नंतर टिकवल्या नाहीत. 'आता संगणकात आहे,' असे ते अभिमानाने सांगत.

काकू म्हणाल्या, "अरे, तुमच्या सरांचं ते खोकं भिजलंय रे. टाकू का? तुम्ही ते जुन्या कॉम्प्युटरचं काहीतरी करता ना?"

खोक्यात सात फ्लॉपी होत्या. साडेतीन इंची, प्रत्येकी १.४४ मेगाबाइटच्या. सरांची एक डायरी माळ्यावर असल्याने वाचली होती; तीत कोणत्या फ्लॉपीवर कोणते गाव आणि किती ओव्या, याची यादी होती. या प्रकारच्या कामाला महाराष्ट्रात केवढे मोल आहे हे वेगळे सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने त्या लोकांपुढे आणल्या. त्या संग्रहामागे माणसे होती, संस्था होती. सरांच्या संग्रहामागे एक खोके होते.

येथे आमच्या हातून जे झाले ते लिहिणे भाग आहे. फ्लॉपीच्या टणक कवचात प्लॅस्टिकची एक पातळ चकती असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो आणि सगळा मजकूर त्या थराच्या चुंबकत्वात असतो. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिला प्रत्यक्ष टेकलेले असते. म्हणजे चकतीवर गाळाचा एक कण असला, तरी तो सँडपेपरचे काम करतो. काकांनी बजावले होते की पुरातले काहीही ते आल्याखेरीज चालवायचे नाही. त्या दिवशी काका स्वतःच्या दुकानातला चिखल उपसत होते. आम्ही दोघे भांडारगृहात, समोर खोके, बाहेर पाऊस. फ्लॉपी वरून पुसल्या, दोन दिवस पंख्याखाली वाळवल्या, कोरड्या दिसत होत्या. आम्ही एक ड्राइव्हमध्ये घातली.

खरवडल्यासारखा आवाज आला. संगणकाने वाचता येत नसल्याचा संदेश दिला. आम्हाला वाटले, हीच एक खराब असेल; आम्ही दुसरी घातली. पहिलीच्या गाळाने माखलेले हेड दुसरीवर फिरले.

काका दोन दिवसांनी आले. त्यांनी दोन्ही कवचे चाकूने उकलली, चकत्या उजेडाकडे धरल्या. प्रत्येकीवर एक गोल पट्टा पूर्ण पारदर्शक झाला होता; थर निघून गेला होता आणि त्यातून खिडकी दिसत होती. ते रागावतील अशी आमची अपेक्षा होती. ते एवढेच म्हणाले, "दुसरी कशाला घातलीत, सर?"

उरलेल्या पाचांवर त्यांनी तीन आठवडे काम केले. कवच उकलून चकती बाहेर काढायची, शुद्ध पाण्याने धुवायची, बोट न लावता सावलीत वाळवायची आणि नव्या फ्लॉपीच्या कवचात बसवायची. प्रत्येक वाचनानंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, मग पुढची. पुण्याच्या मुलाने 'ग्रीझवीझल' नावाची बोटभर पाटी आणली होती. साधा ड्राइव्ह संगणकाला फक्त अंतिम उत्तर सांगतो. ही पाटी चकतीवरच्या चुंबकत्वाचे सगळे चढउतार जसेच्या तसे टिपून घेते, आणि पुसट जागा पुन्हापुन्हा वाचून जुळवता येतात. पाचही वाचल्या गेल्या. एका रविवारी संध्याकाळी पडद्यावर फाइलींची यादी उमटली, तेव्हा बँकेच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

फाइल उघडली आणि आत मराठी नव्हते. रोमन अक्षरे, त्यांवर टोप्या, टिंबे, चौकोन. त्या काळाची ही सार्वत्रिक कथा आहे. भारतीय लिपींसाठी 'इस्की' ही सांकेतिक पद्धत १९८८ आणि १९९१ मध्ये मानक झाली होती, युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली आहे; पण डीटीपीच्या बाजारात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची आपापली वतनदारी होती. एका फॉन्टमध्ये ज्या जागी 'क', दुसऱ्यात तेथे वेलांटी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. सरांच्या संगणकाची हार्ड डिस्क पुरात संपली होती. मोडी कागद समोर आहे आणि वाचणारा गेला, अशी आमची अवस्था झाली. (मोडीला निदान २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, या फॉन्टांना कोण देणार?)

मुलाने सरांच्या छापील शोधनिबंधातील उताऱ्यांशी ताडून चिन्हांचा तक्ता केला आणि एक प्रोग्राम लिहिला. दोन महिन्यांत पाचही गावांच्या ओव्या युनिकोडमध्ये आल्या. मंडळात जल्लोष झाला. मुलगा म्हणाला, "सर, आता मजकूर निघाला. डिस्क आणि जुन्या फाइली ठेवायची गरज नाही." ते खरेही वाटत होते. खोके पुनर्चक्रणाच्या ढिगाकडे सरकलेसुद्धा.

मुद्रिते तपासायला आम्ही बसलो, ते आमचे नेहमीचेच काम. एका ओवीत बाई आपल्या भावाची वाट पाहते आहे, आणि तो 'दर्या' ओलांडून येतो आहे. ओवी सुंदर होती. खलाशी भाऊ, बोट, मुंबई, असा सगळा अन्वयार्थ आमच्या मनात तयारही झाला. एक छोटा लेख होण्यासारखा होता. मग लक्षात आले की गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे आणि पुढच्याच ओळीत घाट आहे. 'दर्या' की 'दऱ्या'? समुद्र की डोंगरातल्या दऱ्या? मराठीत रफार वेगळा आणि हा आडवा, पापणीसारखा र वेगळा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक शाळेत शिकवताना मुले हसतात. आम्ही मुलाला फोन केला. तो म्हणाला, "दोन्ही अर्धे रच ना, सर? मी एकच केलेत." सगळ्या पाच गावांत, सगळीकडे.

तक्ता चुकीचा नव्हता, मराठीपुरता अपुरा होता. खात्री करायची तर सरांना पडद्यावर जे दिसत होते तेच आम्हालाही दिसायला हवे होते. येथे छापखान्यावाले पुढे आले. त्यांच्याकडे विंडोज ९८ चे एक यंत्र होते, त्यावर त्याच कंपनीचे तेच सॉफ्टवेअर, आणि पाठीमागच्या प्रिंटरच्या पोर्टला लावलेले अंगठ्याएवढे हार्डवेअर-लॉक. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. छापखाना बंद झाल्यावरही त्यांनी ते यंत्र मूळ स्थितीत, एकही भाग न बदलता ठेवले होते. त्यांनी तो क्षण उपभोगला, आणि आम्ही उपभोगू दिला. सिरीज बोर्ड लागला, बल्ब मंदावला, यंत्र सुरू झाले. फाइल उघडली. सरांनी निवडलेल्या अक्षरांत, सरांनी सोडलेल्या समासांत ओवी समोर आली. 'दऱ्या'.

आमचा छोटा लेख त्या क्षणी बुडाला. खोके ढिगातून परत आले. अशी किती ठिकाणे होती ते मोजायला आम्हाला पुढचे वर्ष लागले, कारण प्रत्येक ओळ त्या यंत्रावर डोळ्यांनी पाहावी लागली, आणि ते यंत्र तासाभरात तापते. एकशे बारा.

जी दोन गावे आम्ही घालवली, तेथे आम्ही गेलो होतो. डायरीतील यादी घेऊन गेलो. एका गावात जाती अंगणात पालथी पडलेली होती आणि सांगणारे कुणी नव्हते. दुसऱ्या गावात एका आजींनी सरांना ओळखले, म्हणजे आम्ही केलेल्या वर्णनावरून ओळखले. "तो मास्तर होय? लिहून नेलंन सगळं," असे म्हणून त्यांनी आठवतील तेवढ्या, नऊ ओव्या सांगितल्या. यादीत त्या गावापुढे दोनशे चाळीस लिहिले आहे. बाकीच्या मास्तरांनी नेल्याच आहेत, मग पुन्हा कशाला हव्या, असे त्यांनी आम्हाला दोनदा विचारले. आम्ही खरे सांगितले नाही.

काकांना आता बारीक काम दिसत नाही. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे दिवाळीनंतर. सोल्डरिंग गन ते आता द्वितीय वर्ष विज्ञानाच्या एका मुलीच्या हातात देतात. ती पहिल्यांदा आली तेव्हा ड्राइव्हच्या वर खिळ्याला अडकवलेल्या दोन चकत्या पाहून तिने विचारले, "काका, हे काय आहे?" काका म्हणाले, "सरांना विचार." आम्ही तिला सगळे सांगितले. आता प्रत्येक नव्या माणसाला ती सांगते, आमच्यासमोरच, आणि जरा तिखटमीठ लावून.

गेल्या रविवारी तिने ४८६ चा एक मदरबोर्ड आणला होता. त्याची बॅटरी गळून हिरवट क्षार पसरला होता, तो व्हिनेगरने पुसण्यात दुपार गेली. पुढच्या वेळी तो लावून पाहायचा आहे. मात्र सिरीज बोर्डचा बल्ब उडाला. एलईडी या कामाला चालत नाही, तारेचाच लागतो, आणि शंभर वॅटचा तसा बल्ब बाजारपेठेत आता कुणी ठेवत नाही. काकांकडे दोन शिल्लक आहेत. पुण्याच्या मुलाला सांगितले आहे, येताना मिळाले तर डझनभर घेऊन ये, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळून आण, घाटात फुटतील.